अडीच फूट पाणी

आमच्या घरात पाणी शिरलं ते पुढच्या दारानं नाही. पुढच्या दाराला मी वाळूची पोती लावली होती, पोत्यांवर फळी ठोकली होती आणि फळीवर स्वतः बसलो होतो. बंदोबस्त असा की किल्ल्यानं येऊन शिकून जावं. पाणी आलं मोरीतून. मी पुढं छाती काढून नाल्याकडं बघत बसलोय, "ये, बघतोच तुला" म्हणतोय आणि मागून बायको ओरडली, "अवो, मोरी उलटी वाहतीय की! उठा आधी तितनं!"

उठलो तर माझ्या चपला माझ्याआधी स्वयंपाकघरात पोचलेल्या.

आमचं घर सात रस्ता चौकापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. तीन खोल्या, वर स्लॅब आणि पाठीमागं नाला. वर्षातले आठ महिने त्या नाल्यात पाण्यापेक्षा प्लॅस्टिकच्या पिशव्या जास्त. सोलापुरात पाऊस म्हणजे घाईतला पाहुणा, उभ्या उभ्या चहा घेऊन जाणारा. त्या वर्षी भाद्रपदात मात्र तो अंथरूण-पांघरूण घेऊनच आला. पाच दिवस हलला नाही. सहाव्या दिवशी भर दुपारी तीन वाजता नाला आमच्याकडं राहायला आला.

आम्ही दोघं गच्चीवर गेलो. शेजारचे चाचाही बायकोसह त्यांच्या गच्चीवर चढले. चाचांचा गाद्या भरायचा धंदा. त्यांचा सगळा कापूस खाली भिजून फुगला आणि दारात असा अडकला की, मी शपथेवर सांगतो, त्यांच्या घरातून ढग बाहेर पडतोय असं वाटत होतं. दोन गच्च्यांच्या मधे हातभर अंतर. त्यावरून आम्ही बिस्किटांचा पुडा इकडून तिकडं करत बसलो.

आता माझी एक सवय सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. मी चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. गाडी बंद पडली की पन्नास माणसं रस्त्यावर वैतागलेली असतात, त्यांना दोन-दोन तास धरून ठेवायचं म्हणजे गोष्ट मोठीच लागते. लहान गोष्टीवर माणसं दगड मारतात. त्यामुळं माझ्या तोंडून कोणतीही गोष्ट निघाली की ती वाटेत वाढते. गच्चीवर बसून मी नातेवाइकांना फोन लावले. करकंबला धाकट्या भावाला लावला तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर होतं. कुंभारीला थोरल्या बहिणीला लावला तोवर कमरेला आलं. पुण्याच्या साडूला सांगताना छातीला लागलं. सासरवाडीला फोन लागला तेव्हा मी बुडालो होतो आणि बायकोनं मला केसाला धरून वर काढलं होतं. माझ्या डोक्यावर केस नाहीत, हे सासरवाडीला माहीत आहे. तरी त्या लोकांनी हळहळ केली.

मधल्या वेळेत मी एक फोटोही काढला. त्यात माझं तोंड आहे आणि मागं आभाळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. घरात वीतभर गाळ आणि बायकोचा चष्मा कुठं गेला त्याचा पत्ता नाही. पण खरी वाईट गोष्ट दिसायला आणखी एक दिवस गेला. स्वयंपाकघराची मागची भिंत, नाल्याकडची, बाहेरच्या बाजूला कलली होती. कोपऱ्यापासून तिरकी भेग गेली होती, बोट जाईल एवढी. ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. त्यानं भिंतीवर हात ठेवला, वर बघितलं आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटले.

"बोला की," मी म्हणालो.

"मागचा स्लॅब हिच्यावर बसलाय दादा. पाया खालनं धुतलाय. दिवाळी काढंल, पुढचं काय मी सांगत न्हाय."

भिंत पायापासून नवी बांधायची, तोवर स्लॅबला टेकू द्यायचे, हे काम केवढ्याचं ते त्यानं सांगितलं. माझ्या पेन्शनीत त्या भिंतीवरचं कॅलेंडर आलं असतं. भिंत गेली की घर गेलं. घर गेलं की करकंब. धाकटा भाऊ सोन्यासारखा आहे, रोज संध्याकाळी फोन करून म्हणायचा, "या की दादा, दोगंबी या. वसरीला एक खोली काढू." त्यात त्याचा काही दोष नाही. पण फोन ठेवला की बायको तव्याकडं बघत बसायची. तिच्या कडक भाकऱ्या आमच्या वस्तीत ठरलेल्या घरी जातात. पापडासारखी पातळ भाकरी, महिनाभर टिकणारी. माझ्यापेक्षा तिला ओळखणारी माणसं जास्त आहेत.

"तितं चूल जावेची," ती एकदाच म्हणाली. "चांगली हाय ती. पर चूल तिची."

मग तिनंच आठवण काढली. घराचं कर्ज घेताना बँकेनं आमच्या गळ्यात एक विम्याचा कागद मारला होता. त्या दिवशी मी बँकेत जो आवाज चढवला होता तो, असं म्हणतात, अक्कलकोटपर्यंत ऐकू गेला. "घर काय चोरीला जातंय का? घराला काय हार्ट अटॅक येतोय का?" बायकोनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला दोरा बांधून, माळ्यावर धान्याच्या कोठीच्याही वर ठेवला होता. आणि दरवर्षी मला न सांगता त्याचा हप्ता चालू ठेवला होता. चौतीस वर्षं मी पन्नास पन्नास माणसांची तिकिटं तपासली, घरातलं हे एक तिकीट मला दिसलं नाही.

विमा कंपनीला फोन तिनंच लावला. पलीकडच्या मुलीनं दाव्याचा नंबर दिला, अर्ज मोबाइलवर पाठवला आणि सर्व्हेअर येऊन बघतील असं सांगितलं. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं मी अर्जाची छापील प्रत काढली आणि भरायला बसलो. बायकोला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, त्यामुळं मी काय लिहितोय ते तिनं विचारलं आणि मी "सगळं खरं" म्हणालो. अर्जात एक रकाना होता : घरात पाणी किती उंचीपर्यंत आले? आता तोवर मी ही गोष्ट अकरा जणांना सांगितली होती. अकराव्या माणसाला सांगितलेली उंचीच मला खरी वाटत होती. मी लिहिलं, सहा फूट. खाली, अर्जदार पोहत बाहेर पडला, असंही लिहिलं. जागा उरली होती.

घटस्थापना चार दिवसांवर आली होती आणि कुंभारीहून थोरली बहीण आली. एकटी नाही, दोन सुना, तीन खराटे आणि चुन्याची पिशवी घेऊन. आमच्या बहिणीचं एक तत्त्व आहे : घट बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुतलेली पाहिजे. पूर आला काय, भूकंप झाला काय, नवरात्राआधीचं धुणं चुकत नाही. तिनं उंबऱ्यावर उभं राहून घर बघितलं, पदर खोचला आणि म्हणाली, "बाबा, तू हितनं जा."

"सर्व्हेअर येणार हाय, आक्का. त्यो बघंस्तोवर..."

"सर्वेर काय देवापेक्षा मोठा हाय का? घाणीत घट बसवू व्हय?"

बायकोही तिच्या बाजूनं. तीन दिवस त्या चौघींनी जे धुतलं त्याला तोड नाही. गाळ पाट्या भरभरून काढला. भिंती काथ्यानं घासल्या, फरशी घासली, खिडकीचे गज घासले. मी एका जागी जरा जास्त वेळ उभा राहिलो तर मलाही घासलं असतं. भिजलेल्या गाद्या, फुगलेलं कपाट, बंद पडलेला फ्रिज, सगळं भंगारवाल्याला दिलं. वाकळा चाचांच्या गच्चीवर वाळत घातल्या. शेवटच्या दिवशी चुन्यात नीळ घालून सगळ्या भिंतींना दोन हात दिले. पाणी आल्याची जी मातकट रेघ साऱ्या घरात भिंतीवर उमटली होती ती पुसली, घासली आणि वर पांढरी केली. तिरक्या भेगेतसुद्धा आक्काच्या धाकट्या सुनेनं चुना भरला. बारीक काम, अगदी डोळ्यांत काजळ घालावं तसं.

आणि घट बसले. आमचं देवघर स्वयंपाकघरात, त्याच मागच्या भिंतीला लागून. पत्रावळीवर माती, मातीत पाच धान्यं, मधे घट, बाजूला अखंड दिवा. एकदा बसला की नऊ दिवस तो घट जागेवरून तसूभर हलवायचा नाही, दिवा विझू द्यायचा नाही.

दुसऱ्या माळेला सर्व्हेअर आला. चाळिशीतला बारीक माणूस, खांद्याला पिशवी, खिशाला दोन पेनं. दारात थांबून त्यानं आत बघितलं. हातातला कागद बघितला. परत आत बघितलं.

"काका, पत्ता हाच ना?"

"हाच की."

"पूर इथं आला होता?"

"सहा फूट!" मी म्हणालो.

तो आत आला. खरं सांगतो, आमच्या लग्नातसुद्धा आमचं घर एवढं लखलखत नव्हतं. त्या माणसानं रुमालानं बूट पुसायला सुरुवात केली. मग मोबाइलवरचे पुराचे फोटो मागितले. मी तो एकमेव फोटो दाखवला. त्यानं तो मोठा करून बघितला, लहान करून बघितला.

"यात पाणी कुठंय?"

"खाली," मी म्हणालो. "मी वरचा भाग घेतलाय."

एवढ्यात पलीकडून चाचा आले, नको त्या वेळी. सर्व्हेअरनं त्यांना सहज विचारलं, पाणी किती होतं? मी भुवया उडवल्या, खोकलो, डोळे मोठे केले. चाचा सरळ माणूस.

"घुटने के थोडा उप्पर था साब. रान तलक," त्यांनी मांडीवर हात ठेवून दाखवलं. "कायकू, कंडक्टर साब क्या बोले?"

"सहा फूट."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. "सहा फूट तो ये खुदबी नहीं!"

सर्व्हेअर हसला नाही. ह्याच गोष्टीची मला पुढं फार भीती बसली. त्यानं सांगितलं, आमचा विमा फक्त घराचा, बांधकामाचा आहे. सामानाचा वेगळा घ्यावा लागतो, तो आम्ही घेतलेला नाही. म्हणजे फ्रिज, कपाट, गाद्या ह्यांचं दुःख मी अर्जात पान भरून लिहिलं होतं ते फुकट. प्रश्न भिंतीचा. त्यानं ओळंबा सोडला. भिंत वरच्या टोकाला दोन बोटं बाहेर होती. मग तो खाली वाकला, पाया आणि भेगेचं मूळ बघायला, आणि तिथं घट.

"हे जरा बाजूला घ्यावं लागेल."

बायको तोवर ओट्याशी होती. ती पुढं येऊन घट आणि तो यांच्या मधे उभी राहिली. "घट बसल्यात दादा. दसऱ्यापातुर हलायचे न्हाईत."

मी म्हणालो, "अगं, देवी समजून घेती. भिंतीचा सवाल हाय."

"घट हलवून भिंत राखायची आन् मग त्याच घरात तोंड वर करून राहायचं व्हय?"

मला वाटलं, संपलं. हा माणूस आता कागदावर काट मारून उठणार. त्यानं पेन खिशाला लावलं, बूट दाराबाहेर नेऊन ठेवले, परत येऊन घटाला हात जोडले.

"आमच्या आईला समजलं ना, की मी कुणाचा घट हलवला, तर मला आधी तेलुगूत शिव्या, मग मराठीत," तो म्हणाला. तो आमच्या गावातल्या तेलुगू विणकरांपैकी, घरी पूर्वी माग होते, हे तेव्हा कळलं. "दसऱ्यानंतर येतो. मी पाहणी अपुरी असं लिहितो. पण काकू, ही भिंत चांगली नाही. इथं झोपू नका कुणी. आणि आता काही घासू नका, रंगवू नका. हात जोडतो."

ते नऊ दिवस मी त्या भिंतीला पाठ लावून उभा होतो. स्लॅबचा सगळा भार माझ्या खांद्यांवर. बायको म्हणते, चाचांनी दोन लाकडी वासे आणून टेकू दिले आणि मी एकदा तासभर तिथं पाठ टेकून पेपर वाचला. असेल. माणसं आपापल्या जागेवरून बघतात.

आम्ही पुढच्या खोलीत झोपायचो आणि ती मात्र दिव्यात तेल घालायला दर थोड्या वेळानं त्या भिंतीपाशी जाऊन बसायची. मी दारातून ओरडायचो, "लवकर ये!" ती म्हणायची, "पडायची तर पडू द्या की, तुमी बोलून धक्का देऊ नगा." संध्याकाळी भावाचा फोन. मी सांगायचो, भिंत आता ठणठणीत आहे, उलट आत यायला लागलीय.

सहाव्या माळेच्या दुपारी तिनं हाक मारली. "अवो, हिकडं या. भिंतीला काय झालंय बघा."

पांढऱ्याशुभ्र भिंतीवर एक पिवळट रेघ वर आली होती. हळदीचं पाणी सांडून वाळावं तशी. स्वयंपाकघरातून निघून मधल्या खोलीतून पुढच्या खोलीपर्यंत, एका पातळीत, घराभोवती करदोटा बांधावा तशी. भिंतीनं प्यालेलं पाणी चुन्यातून बाहेर येत होतं. आक्काचे दोन हात त्याला पुरे पडले नव्हते.

मी टाळीच वाजवली. "पुरावा! आला का न्हाय? आता बोल म्हणावं!"

मग मी त्या रेघेशेजारी जाऊन उभा राहिलो. रेघ मांडीला लागत होती. गुडघे जरा वाकवून बघितले. तरी कमरेच्या वर काही जाईना.

"असं का बसताय?" बायको म्हणाली.

"कुटं काय."

"अर्जात किती लिवलंय तुमी?"

"ध्यानात न्हाय."

तिनं चाचींचा चष्मा आणला, अर्जाची प्रत काढली आणि बोट ठेवून वाचली. पोहत बाहेर पडला, इथपर्यंत आली आणि थांबली. मला वाटलं हसेल. तिनं प्रतीची घडी घातली, चष्मा परत देऊन आली आणि दसऱ्यापर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलली. आपट्याचं पान हातावर ठेवताना म्हणाली, "सोनं घ्या. येवढं तरी खरं धरा."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला. घट उठले होते, जागा मोकळी होती. त्यानं पहिल्यांदा रेघ बघितली आणि त्या माणसाच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी उमटलं. पिशवीतून ओल मोजायचं दोन सुयांचं एक यंत्र काढून त्यानं भिंतीला टोचलं. रेघेच्या खाली आकडा चढला, वर पडला. टेप लावली. तीन खोल्यांत, पाच ठिकाणी.

"अडीच फूट," तो म्हणाला. "सगळीकडं अडीच."

मी म्हणालो, "लाटा धरून..."

"काका." त्यानं टेप गुंडाळली. "पाणी किती उंच होतं ह्याचे पैसे नसतात. अडीच फूट पाण्यानं पाया धुतला जातो, भिंत कलते, मी ते लिहिणार. पण माझ्या रिपोर्टाला तुमचा अर्ज जोडलेला असणार. वर बसलेला माणूस तुमचं घर बघत नाही, दोन कागद बघतो. एक म्हणतो अडीच, एक म्हणतो सहा आणि पोहत. मग तो म्हणणार, भिंतीचंही असंच असेल. तुम्ही दुसरा जबाब लिहून द्या. जेवढं झालं तेवढंच."

जेवढं झालं तेवढंच! मी खुर्चीवर बसलो, पेन घेतलं. बायको ओट्याला टेकून सांगत होती, मी लिहीत होतो. 'दुपारी तीनच्या सुमारास मोरीतून पाणी आले. ते अडीच फूट चढले. आम्ही जिन्याने गच्चीवर गेलो.' मी वाचून बघितलं. हॉर्न नसलेली गाडी. मी विचारलं, निदान 'धावत' गेलो लिहू का? ती म्हणाली, "चालत गेलाव. पायरीवर तुमी बिस्किटाचा पुडा घ्यायला माघारी वळलाव." तेही लिहिलं. 'आम्ही सर्व भिंती स्वच्छ धुऊन चुना दिला, कारण घट बसवायचे होते.' सर्व्हेअर म्हणाला, हे वाक्य फार महत्त्वाचं आहे, राहू द्या. अर्ध्या पानात सगळा पूर संपला. माझी चौतीस वर्षांची नोकरी त्या हिशेबानं पोस्टकार्डावर बसली असती.

मग तो भेगा बघायला लागला. चुना खरवडला. तिरकी भेग पायापासून निघालेली, तिचं त्यानं निमूट लिहून घेतलं. त्याच भिंतीत, खिडकीच्या खालच्या बाजूला, दुसरी एक भेग होती, उभी. त्यानं तिच्यावर टॉर्च मारला.

"आणि ही? ही पण पुरातलीच का?"

आता ऐका. ती भेग चार वर्षांपूर्वीची. नाल्यापलीकडं कुणीतरी बोअर मारली तेव्हा खिडकीची चौकट सुटली होती आणि मी तिथं सिमेंट लिंपलं होतं. ते मला माहीत, बायकोला माहीत, चाचांना माहीत, कारण घमेलं त्यांचं होतं. चाचा दारातच उभे होते. आतापर्यंत माझी प्रत्येक थाप हाणून पाडणारा माणूस, तो आता अंगणातल्या दोरीकडं बघत होता. आणि बायको, जिनं अर्ध्या तासापूर्वी मला 'धावत'सुद्धा लिहू दिलं नाही, ती भांडं विसळायला वळली. स्वच्छ भांडं.

उभ्या जन्मात पहिल्यांदा सगळ्यांना माझी थाप पाहिजे होती. आणि थापही केवढी? एक 'हो'. खिडकीकडचा भाग धरला तर सगळी भिंत कागदावर बसत होती. नाही धरला तर तेवढं काम आमच्या अंगावर, आणि ते कुठून करायचं ते देवीला ठाऊक. शिवाय जुनी भेग सापडली म्हणून त्यानं सगळी भिंतच आधीची ठरवली तर?

मी तोंड उघडलं. त्याच्याकडं बघितलं. तो वाट बघत होता, नुसती. थाप मारताना समोरच्याचं तोंड कसं असतं हे मला पाठ आहे. त्याला निम्मं कळलेलं असतं, तो ओठ दाबतो आणि मला आणखी ढील देतो. माझ्या थापांना कायम दोन माणसं लागतात. हा एकटा टॉर्च धरून उभा होता आणि मी सांगेन ते लिहिणार होता. त्यात काही मजा नव्हती. ते नुसतं खोटं झालं असतं.

"ही जुनी हाय," मी म्हणालो. "चार वर्षं झाली. बोअर मारली तवाची. मीच लिंपली हुती, वाईट लिंपलीय."

भांड्याचा आवाज थांबला. चाचा हळूच म्हणाले, "घमेला मेरा था."

सर्व्हेअर बराच वेळ लिहीत होता. पेन झाकून खिशाला लावलं, मग मला विचारलं, "एकूण भिंतीतला खिडकीचा भाग किती धरू? तुम्हीच सांगा."

"पाव," मी म्हणालो. मग बायकोकडं बघितलं. तिनं मान आडवी हलवली. "पावापेक्षा जरा कमी."

तो गेल्यावर तिनं ताट वाढायला घेतलं. मी म्हणालो, "बोल की. करकंबला कळवू का, खोली काढा म्हणून?"

"बसा गप. भाकरी खावा," ती म्हणाली. ताटात शेंगा चटणीवर तेल नेहमीपेक्षा जास्त होतं. तेवढ्यावरून मी काय ते समजलो.

त्यानंतर सहा आठवडे लागले. विमा कंपनीनं आणखी तीनदा कागद मागितले. बायकोनं प्रत्येक कागदाची प्रत काढून, दोरा बांधून ठेवली. मी फोन करायचो नाही, मला मनाई होती. दिवाळी गेली, भिंत वाशांवर उभीच. मग मंजुरी आली. खिडकीचा भाग वजा, घराच्या वयाचा घसारा वजा, आमच्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा. तरी मोठा भाग आला. राहिलेल्या कामासाठी तिनं भाकरीचे आगाऊ पैसे घेतले, ठरलेल्या घरांनी आपणहून दिले. मी तीन आठवडे एका लग्नाच्या बसवर क्लीनर म्हणून गेलो. लोक म्हणाले, ह्या वयात? मी म्हणालो, मला बोलावलंय, वऱ्हाडाला गोष्टी सांगायला. ती थाप होती.

चाचांना कुठून काही मिळालं नाही, त्यांचा विमाच नव्हता. त्यांनी उन्हात कापूस वाळवला, परत पिंजला, निम्मा वाचवला. आता बायकोनं त्यांना बँकेत नेऊन घराचा आणि मालाचा, दोन्ही कागद काढायला लावलेत. बँकेतल्या माणसानं एकच कागद पुढं केला तेव्हा तिनं विचारलं, "आन् आतल्या कापसाचं?" त्यानं गपचूप दुसरा काढला.

मार्गशीर्षात भिंत उभी राहिली. पाया गवंड्यानं चार फूट खाली नेला. मी सगळ्यांना दहा सांगतो, ते सोडा. खिडकी बायकोच्या मनासारखी, ओट्याच्या वर, मोठी. गवंडी हत्यारं धुऊन निघताना म्हणाला, "दादा, आता काम तुमचं. एकवीस दिवस भिंतीला पाणी मारायचं. सकाळ-संध्याकाळ, दुपारी एकदा. कोरडी पडू द्यायची न्हाय."

म्हणून मी रोज नळी घेऊन मागं उभा राहतो आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी सोडतो. नाला खाली, आपल्या जागेवर, पिशव्यांनी भरलेला. चाचा गच्चीवरून बघतात आणि मान हलवतात. आत तवा तापलेला असतो, भाकरी थापल्याचा आवाज नव्या खिडकीतून बाहेर येतो.

"अवो," आतून हाक येते, "वरनं मारा, वरनं! खालची आधीच भिजलीय."

"मारतोय की."

"आणि खिडकीतनं आत आलं तर बगा. पीठ हाय हितं."

मी नळीचं तोंड अंगठ्यानं दाबतो आणि पाणी स्लॅबपर्यंत उडवतो.